पिस्टन आणि हेडमधली फट: बंपिंग क्लिअरन्स मोजून कसा लावायचा

१ जूनला मासेमारी बंदी लागते ती ३१ जुलैला संपते. या ६१ दिवसांत होड्यांची इंजिनं जेटीवरून उतरून गॅरेजात येतात. पाऊस सुरू झाला की कुळागरांतले, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांतले, डिझेल पंपही रिकामे होतात, तेही याच दिवसांत दुरुस्तीला निघतात. गोव्यात फोंड्याजवळच्या माझ्या शेडमध्ये जूनअखेर पाय ठेवायला जागा नसते, आणि आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं या मेस्ताकडे, म्हणजे मिस्त्रीकडे, गाऱ्हाणं एकच असतं: ‘मेस्ता, गेल्या वर्षीच बांधून घेतलं. पिस्टन नवा, रिंगा नव्या, नोझल नवा. तरी सकाळी हँडल मारून मारून खांदा जातो.’

इंजिन खोलून मोजलं की बहुतेक वेळा दोष सापडतो तो पिस्टनच्या माथ्यावर. पिस्टन वर पोचल्यावर त्याच्या आणि हेडच्या मधे जी फट उरते, ती कोणी मोजलेलीच नसते. जुनं पॅकिंग होतं तेवढंच परत टाकलेलं, किंवा ‘ठोकायला नको’ म्हणून एक जास्त. आपल्याकडे डिझेलवाले हिला बंपिंग क्लिअरन्स म्हणतात, पेट्रोलवाले स्क्विश. ही फट कमी पडली तर पिस्टन हेडवर आपटतो. जास्त झाली तर कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबली जाण्याचं प्रमाण, पडतं, थंड इंजिन सुरू होत नाही आणि पांढरा धूर सुटतो.

खाली मी एक सिलिंडरचं उभं डिझेल इंजिन डोळ्यांसमोर ठेवून पायऱ्या दिल्या आहेत. त्याचा सिलिंडर क्रँककेसवर वेगळा बसतो आणि दोघांच्या मधे पातळ शिम, म्हणजे फट लावायच्या चकत्या, असतात. दुचाकीच्या पेट्रोल इंजिनांत काय बदलतं ते शेवटी वेगळं सांगतो. पायऱ्यांचा क्रम मोडू नका. या कामातल्या बहुतेक चुका हाताच्या नसतात, क्रमाच्या असतात.

## आधी अंक ठरवा

किती फट ठेवायची हा अंक तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्यायचा. मॅन्युअल नसेल तर इंजिनावरच्या पट्टीचा फोटो काढा आणि मॉडेल सांगून विक्रेत्याकडून त्या पानाची झेरॉक्स मिळवा. शेजारच्याच्या इंजिनाला एवढा ठेवला होता म्हणून आपल्यालाही चालेल, हे इथे चालत नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), पिस्टनचा बाउल (माथ्यातली खोलगट जागा) आणि गॅस्केट (हेड आणि सिलिंडरमधलं पॅकिंग) वेगळे असतात.

हा अंक किती नाजूक आहे ते एका हिशेबात दिसेल. किर्लोस्करच्या एव्ही-१ इंजिनाचा बोअर ८० मि.मी. आणि स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) ११० मि.मी., म्हणजे ५५३ सीसी. कॉम्प्रेशन १६.५ ला १ धरलं तर पिस्टन वर असताना उरणारी एकूण जागा साधारण ३५.७ सीसी येते. ८० मि.मी. बोअरवर फट ०.१ मि.मी. ने वाढली की या जागेत अर्धा सीसी भर पडते. म्हणजे चुकून अर्धा मि.मी. जास्त पॅकिंग पडलं तर १६.५ चं थेट १५.५ होतं. डिझेलला स्पार्क नसतो, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच ते पेटतं. खांदा का जातो त्याचं उत्तर या एका अंकात आहे.

## हाताशी काय ठेवायचं

० ते २५ मि.मी. चा मायक्रोमीटर, चुंबकी स्टँडसह डायल गेज, टॉर्क (आवळण्याचा जोर) दाखवणारा पाना, फीलर गेज (फटीत घालून मोजायच्या पात्या), सरळ पट्टी, मऊ सोल्डर तार, थोडं ग्रीस आणि स्वच्छ सुती चिंधी. सोल्डर तार इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. अपेक्षित फटीच्या दीडपट जाडीची घ्या. फट १ मि.मी. च्या आसपास हवी असेल तर १६ गेजची, म्हणजे साधारण १.६ मि.मी. ची तार बरोबर बसते. फार जाड तार दाबताना बेअरिंगवर विनाकारण जोर येतो. पातळ घेतली तर ती दबतच नाही आणि तुम्ही तारेचीच जाडी फट म्हणून लिहून बसता.

व्हर्निअरवर हे काम करू नका. त्याच्या जबड्याची धार मऊ तारेत रुतते आणि रीडिंग कमी येतं.

हेड गॅस्केट एकाच बनावटीचे दोन घ्या. का ते टप्पा ४ मध्ये येईल.

आपल्या हवेबद्दलही सांगायला हवं. जुलैत रात्रभर उघडी ठेवलेली सिलिंडरची वरची बैठक, म्हणजे हेड जिथे टेकतं तो पृष्ठभाग, सकाळी तांबूस झालेली असते, आणि जेटीजवळच्या शेडमध्ये तर दुपारपर्यंतच. डायल गेजचा दांडाही याच हवेत अडकायला लागतो. काम थांबवताना बैठकांवर तेलाचा हात फिरवा, वर प्लास्टिक टाका. गेज वापरण्याआधी दांडा बोटाने दहा वेळा वर-खाली करा. काटा दर वेळी त्याच आकड्यावर परत येत नसेल तर त्या गेजवर विश्वास ठेवू नका.

## टप्पा १: जुना आणि नवा भाग शेजारी ठेवून मोजा

जुन्या शिमचा अंक फक्त जुन्या भागांसाठी खरा असतो. ओव्हरहॉलमध्ये यांपैकी काहीही बदललं तर फट बदलते:

- पिस्टन: गजन पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनच्या) भोकाच्या वरच्या कडेपासून माथ्यापर्यंतची उंची
- कनेक्टिंग रॉड, किंवा त्याचा लहान बुश नव्याने बोअर केलेला असेल तर त्याचं केंद्र
- ग्राइंडिंग केलेला क्रँक
- फेसिंग मारलेलं, म्हणजे घासून सपाट केलेलं, हेड किंवा सिलिंडरची वरची बैठक
- लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) आणि हेड गॅस्केट

पिस्टनची उंची मोजायला पाच मिनिटं लागतात आणि ती सगळे वाचवतात. मीही एकदा वाचवली. एका कुळागराच्या पंपाला बाजारातला दुसऱ्या बनावटीचा पिस्टन घातला, शिम जुने होते तेच ठेवले, संध्याकाळची घाई होती. इंजिन सुरू झालं आणि गरम होताच कोरडा, टणक ठोका यायला लागला. बंद करून हेड काढलं तर हेडच्या काळ्या काजळीत अर्धचंद्रासारखी चकचकीत रेघ उठली होती, आणि पिस्टनच्या माथ्यावर समोरासमोर तशीच दुसरी. जुना पिस्टन शेजारी ठेवून मोजला तेव्हा नवा ०.४ मि.मी. उंच निघाला. बिग एंडचे, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाचे, बेअरिंग शेल दाबले गेले होते, ते मी पदरचे घातले. तेव्हापासून जुना पिस्टन मी भंगारात टाकत नाही, नवा बसून इंजिन चालेपर्यंत तो टेबलावर असतो.

क्रँक ग्राइंडिंगला बेळगावला किंवा कोल्हापूरला पाठवला असेल तर परत आल्यावर स्ट्रोक डायल गेजवर एकदा पाहून घ्या. पिन ग्राइंड करताना केंद्र जरा सरकलं तर स्ट्रोक बदलतो आणि दोष पिस्टनवर जातो.

## टप्पा २: बैठका खरोखर साफ करा

क्रँककेसची वरची बैठक, सिलिंडरची खालची आणि वरची, हेडची खालची, अशा चार बैठका आहेत. चारही घासलेटने धुवा, बोथट पत्तीने जुनं गॅस्केट काढा, मग सपाट लाकडाच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर गुंडाळून हलका हात मारा. स्टडच्या मुळाशी चिकटलेला पापुद्रा डोळ्याला दिसत नाही, नख फिरवलं की लागतो. चिरेखाणीवरून आलेल्या पंपात लाल धूळ तेलाशी मिसळून शिमच्या मधे घट्ट बसलेली असते. ती कागदाच्या पॅकिंगसारखीच दिसते, म्हणून प्रत्येक शिम सुटा करून धुवा.

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात लायनरच्या खांद्याखालची जागाही घासा. तिथे गंज किंवा पाण्यातल्या क्षारांचा थर राहिला तर लायनर वर उचललेला बसतो. लायनर सिलिंडरच्या वर किती डोकावतो तेही मॅन्युअलच्या अंकाशी जुळवा.

हेडवर सरळ पट्टी तिरकी, उभी, आडवी ठेवून खाली फीलर घालून पाहा. वाक मर्यादेबाहेर असेल तर फेसिंग आत्ताच करून घ्या, मोजणी झाल्यावर करू नका.

सावधान: बोल्टची आंधळी भोकं, म्हणजे ज्यांना खाली तोंड नाही ती, हवेने फुंकून कोरडी करा. आत पाणी किंवा तेल राहिलं आणि वरून बोल्ट आवळला तर ते दबत नाही, ओतीव लोखंड तडकतं. शिवाय पाना टॉर्क दाखवतो, पण हेड दबलेलंच नसतं.

## टप्पा ३: सिलिंडर दाबून बसवा आणि पिस्टनची उंची मोजा

क्रँक, रॉड आणि पिस्टन अंतिम स्थितीत बसवा. बिग एंडचे बोल्ट पूर्ण टॉर्कला हवेत. रिंगा या मोजणीपुरत्या नसल्या तरी चालतं, उलट फ्लायव्हील हाताने हलकं फिरतं. शिम आत्ता होते तेवढेच टाका, पण प्रत्येक मायक्रोमीटरने मोजून बेरीज वहीत लिहा. शिमवर छापलेल्या अंकावर जाऊ नका.

आता सिलिंडर नुसता ठेवून मोजायचा नाही. लांब स्टड सिलिंडरमधून हेडपर्यंत जातात अशा इंजिनात हेड नसताना सिलिंडर सैल असतो. स्टडवर पाइपचे सारख्या लांबीचे तुकडे आणि वॉशर घाला, वरून नट लावून आवळा. शिम दबले की बेरीज थोडी बदलते, आणि इथे मि.मी. च्या शंभरातल्या पाच-सहा भागांनाही महत्त्व आहे.

टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर पोचतो ती जागा, फ्लायव्हीलवरच्या खुणेवर मानू नका. वरच्या टोकाला पिस्टन काही अंश जवळजवळ स्थिर राहतो, त्यामुळे डोळ्याने नेमकी जागा कळत नाही. डायलचा दांडा पिस्टनच्या माथ्यावर टेकवा. पिस्टन वर येण्याच्या ०.५ मि.मी. आधी फ्लायव्हीलवर खडूने खूण करा, वरून पलीकडे ०.५ मि.मी. उतरल्यावर दुसरी. दोन्हींचा मध्य म्हणजे खरा टीडीसी.

तिथे थांबवून पिस्टनचा माथा सिलिंडरच्या वरच्या बैठकीपेक्षा किती वर किंवा किती खाली आहे ते मोजा. हे माप गजन पिनच्या रेषेतच घ्यायचं, दोन्ही टोकांना. पिस्टन पिनभोवती डुलतो. पिनच्या रेषेपासून काटकोनात दांडा टेकवलात तर बोटाच्या दाबाने काटा मि.मी. च्या दहाव्या भागाहूनही जास्त सरकतो, आणि तुम्हाला हवा तो अंक तुम्ही काढू शकता. पिनच्या रेषेत पिस्टन डुलत नाही.

तपासणी: पिस्टन हाताने खाली दाबून आणि सोडून दोनदा मोजा. फरक ०.०२ च्या आत यायला हवा. जास्त आला तर बिग एंड किंवा लहान बुश सैल आहे, पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: गॅस्केटची दाबलेली जाडी

पाकिटातून काढलेलं गॅस्केट आणि टॉर्कखाली दबलेलं गॅस्केट या दोन वेगळ्या जाड्या आहेत. हिशेबात दबलेलीच धरायची. तंतूंचं किंवा ग्रॅफाइटचं गॅस्केट बरंच दबतं, पोलादी पत्र्यांचं फार थोडं, आणि सलग तांब्याचं जवळजवळ नाहीच.

म्हणून दोन गॅस्केट. एक मोजणीसाठी बळी द्यायचं: तेच बसवून पूर्ण टॉर्क द्या, काढा, आणि सिलिंडरच्या भोवतीच्या कड्यावर चार ठिकाणी मायक्रोमीटरने मोजा. पुढच्या सगळ्या चाचण्या याच दबलेल्या गॅस्केटवर करा. दुसरं पाकिटात बंद राहू द्या, ते शेवटच्या बांधणीचं. ग्राहकाला एका गॅस्केटचा जास्त खर्च सांगायला मेस्त संकोचतो. सांगा. एकदा दबलेलं गॅस्केट इंजिनात ठेवून देण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

आता साधी बेरीज-वजाबाकी. पिस्टन बैठकीच्या खाली असेल तर तेवढं अंतर गॅस्केटच्या जाडीत मिळवा, वर असेल तर वजा करा. माझ्या टेबलावरच्या एका इंजिनाचे अंक देतो. शिम ०.५०, पिस्टन ०.०५ खाली, दबलेलं गॅस्केट १.१६. म्हणजे फट १.२१ मि.मी. यायला हवी. मॅन्युअलला ०.९ ते १.० हवी होती.

हा अंक अजून कागदावरचा आहे. त्यात हेडचा वाक नाही, बाउलच्या काठाचा उंचवटा नाही. तारेची चाचणी म्हणूनच लागते.

## टप्पा ५: तार ठेवून दाबा

१. रॉकर काढून ठेवा, पुशरॉड बाहेर. दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहायला हवेत. डिझेलचा पुरवठा बंद करा, नोझलची पाइप सोडा.

२. पिस्टन टीडीसीपासून थोडा खाली न्या. १५ मि.मी. लांबीचे तारेचे दोन तुकडे कापा. तुकडे किती आत गेले ते वहीत लिहा. ही थट्टा नाही, आत राहिलेला एक तुकडा लायनरवर उभी रेघ ओढतो.

३. दोन्ही तुकडे ग्रीसच्या ठिपक्याने पिस्टनच्या माथ्यावर चिकटवा, गजन पिनच्या रेषेत, दोन टोकांना, काठापासून थोडे आत. तार बाउलवर नको आणि व्हॉल्व्हच्या समोरही नको. व्हॉल्व्ह हेडमध्ये थोडा खोल असतो, तिथे फट जास्त दिसते आणि तुम्ही फसता.

४. दबलेलं गॅस्केट आणि हेड ठेवा. बोल्टच्या आट्यांना आणि वॉशरला तेलाचा हात. आमनेसामनेच्या क्रमाने, तीन टप्प्यांत, पूर्ण टॉर्कपर्यंत आवळा. ‘चाचणीच आहे’ म्हणून अर्ध्या टॉर्कवर थांबलेली मोजणी फुकट जाते.

५. फ्लायव्हील इंजिन फिरतं त्याच दिशेने, हळू, एकदाच टीडीसीच्या पलीकडे न्या. मागे-पुढे करू नका, तार दोनदा दबते आणि पसरते.

सावधान: फ्लायव्हील कडक अडलं तर पाना लावून रेटू नका. तार जास्त जाड आहे किंवा पिस्टन खरोखर हेडला लागतो आहे. उलट फिरवा, हेड काढा, पाहा.

६. बोल्ट आमनेसामने सैल करा, हेड उचला, तुकडे काढा. किती घातले तेवढे निघाले ना, ते मोजा. सोल्डर तारेत शिसं असतं, जेवायच्या आधी साबणाने हात धुवा.

## टप्पा ६: तार वाचा

तुकड्याचा सगळ्यात चपटा भाग मायक्रोमीटरमध्ये धरा, रॅचेटनेच फिरवा, तीन ठिकाणी मोजा. दोन्ही तुकड्यांचे अंक वेगळे लिहा. लगेच सरासरी काढून मोकळे होऊ नका. फरकच तर बोलतो.

वरच्या इंजिनात पहिल्या खेपेला एका बाजूला १.२१ आणि दुसऱ्या बाजूला १.२९ आलं. हिशेब १.२१ म्हणत होता. सरासरी १.२५ धरून मी शिम काढले असते तर एका बाजूला फट मर्यादेच्या काठावर गेली असती. हेड उलटं करून उन्हाच्या तिरिपेत धरलं. एका स्टडच्या भोकाशी जुन्या गॅस्केटचा नखाएवढा करडा पापुद्रा होता, हेडच्याच रंगाचा, पत्ती त्यावरून दोनदा फिरून गेली होती. तो काढून परत तार ठेवली, १.२० आणि १.२२. हिशेब आणि तार जुळले. असे दोन वेगळे मार्ग एका अंकावर आले की मगच तो अंक वापरायचा.

दोन टोकांत ०.०५ पेक्षा जास्त फरक राहिला तर क्रमाने शोधा: हेडखाली घाण, सिलिंडरखाली घाण, वाकलेलं हेड, आणि सगळ्यात शेवटी वाकलेला रॉड. हायड्रॉलिक लॉक होऊन गेलेल्या, म्हणजे पुराच्या पाण्यात फिरवलेल्या पंपात मात्र रॉड आधी तपासा.

## टप्पा ७: शिम बदला

इथे नवशिके उलटे जातात. शिम काढला की सिलिंडर खाली बसतो, पिस्टन वर येतो, फट कमी होते. शिम घातला की फट वाढते. भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

फट १.२१, हवी ०.९५ च्या आसपास, म्हणजे ०.२६ कमी करायची. ०.५० चे शिम काढून मोजलेले ०.२५ चे घातले तर ०.९६ यायला हवी. आता पिस्टन ०.०५ खाली होता तो ०.२० वर डोकावेल. असं होणार असेल तर गॅस्केटचं आतलं कडं बोअरच्या आत कुठे आलेलं नाही ना, ते पाहा. आलं तर पिस्टन कड्यावरच आपटेल.

शिम मोजके आणि जाड बरे. पाच पातळ शिमांची चळत दबते, तेल गाळते आणि प्रत्येक मधल्या फटीत घाण पकडते. हव्या त्या मापाचा शिम मिळाला नाही तर पत्र्याचा डबा कापून करू नका. दोन दिवस थांबा, मागवा.

मर्यादेत दोन टोकं असतात, तेव्हा मी मधला अंक धरतो. कमी टोक मोहात पाडतं, इंजिन एका हँडलवर सुरू होतं. पण आपण हळू हाताने मोजतो तेव्हा तार पिस्टनला खाली दाबते, बेअरिंगमधली तेलाची मोकळीक खाली जाते. चालू इंजिनात, विशेषतः एक्झॉस्टच्या शेवटी, पिस्टनला वरून दाबणारं काही नसतं. तो वेगाने वर फेकला जातो, मोकळीक वरच्या बाजूला जाते, रॉडही किंचित ताणला जातो. वर काजळीचा थर बसतो तो वेगळाच. मोजलेली फट चालू इंजिनात तेवढी राहत नाही.

शिम बदलल्यावर टप्पा ५ पुन्हा करा, पूर्ण. या इंजिनात ०.९५ आणि ०.९७ आलं.

## टप्पा ८: व्हॉल्व्ह विसरू नका

सिलिंडर खाली गेला म्हणजे व्हॉल्व्हही पिस्टनच्या जवळ आले. सीट कटिंग केलं असेल तर व्हॉल्व्ह किती खोल बसले ते मोजून मॅन्युअलशी पाहा. हेडला फेसिंग मारलं असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण हेड पातळ झालं की व्हॉल्व्ह बाहेर येतो.

शंका असेल तर मुलांच्या खेळण्यातली मऊ क्ले पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हसमोर लावा, वर तेलाचा थेंब. रॉकर-पुशरॉड बसवून टॅपेट (व्हॉल्व्हची मोकळीक) लावा आणि इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. व्हॉल्व्ह पिस्टनच्या सगळ्यात जवळ येतो तो नेमका टीडीसीवर नाही, त्याच्या थोडा आधी एक्झॉस्ट आणि थोडा नंतर इनलेट, म्हणून दोन्ही फेरे हवेत. क्ले कापून सगळ्यात पातळ जागा मोजा.

## टप्पा ९: शेवटची बांधणी

आता सिलिंडर पुन्हा उचला, रिंगा घाला, मोजून ठरलेले तेच शिम स्वच्छ करून टाका. नवं गॅस्केट पाकिटातून काढा. त्याची दाबण्याआधीची जाडी बळी दिलेल्या गॅस्केटच्या आधीच्या जाडीशी जुळते का, ते पाहून घ्या. एकाच दुकानातून एकाच नावाने घेतलेल्या दोन गॅस्केटांत फरक निघालेला मी पाहिला आहे.

टॉर्क दिल्यावर, नोझल बसवण्याआधी, फ्लायव्हील हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. टीडीसीवरून जाताना कान हेडजवळ ठेवा. गुळगुळीत जायला हवं, टिक नको. शिम बदलले म्हणजे पुशरॉडची मोकळीक बदलली, टॅपेट नव्याने लावल्याशिवाय सुरू करू नका.

## पेट्रोल दुचाकी बांधणाऱ्यांसाठी

मोजण्याची रीत तीच, पण चार गोष्टी वेगळ्या आहेत.

टू-स्ट्रोकमध्ये, उदाहरणार्थ ५० बाय ५० मि.मी. च्या आरएक्स १०० मध्ये, फट सिलिंडरखालच्या पॅकिंगने लावायला जाऊ नका. सिलिंडर वर-खाली झाला की पोर्ट उघडायच्या वेळाही हलतात आणि गाडीचा स्वभाव बदलतो. खालचं पॅकिंग कंपनीचं ठेवा, फट हेडच्या बाजूने लावा.

तार काठापर्यंत, बोअरच्या भिंतीला टेकेपर्यंत पोचली पाहिजे. हेडचा काठ तिरका असेल तर फट सगळ्यात कमी तिथेच असते. प्लगच्या भोकातून लांब तार आत सरकवून, बाहेरचं टोक पक्कं धरून, हेड न उघडता अंतिम गॅस्केटवरही शेवटची खात्री करता येते. दोन्ही बाजूंना, पिनच्या रेषेत.

चेनवर कॅम फिरतो अशा फोर-स्ट्रोकमध्ये सिलिंडर किंवा हेड खाली आलं की कॅमचा टायमिंग थोडा मागे पडतो. एक-दोन दशांशाला फार बिघडत नाही, त्याहून जास्त फेसिंग असेल तर टायमिंग तपासा.

आणि अंक. पोलादी रॉडच्या फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाला सर्वसाधारणपणे ०.९ ते १.० मि.मी. फट धरतात, व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधे इनलेटला २ आणि एक्झॉस्टला २.५ मि.मी. मॅन्युअल मिळेपर्यंत हा धोक्याचा कठडा समजा, लक्ष्य समजू नका. जास्त फट म्हणजे सुरक्षित, असंही पेट्रोलमध्ये नाही. काठावरचं मिश्रण आत ढकललं जात नाही, ते तिथेच साचून राहतं आणि चढावर इंजिन खडखडतं.

## सुरू केल्यावर

पहिली दहा मिनिटं बिनभाराची. ठोका आला तर ताबडतोब बंद, ‘रिंगा बसतायत’ म्हणून चालवत ठेवू नका. गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर मॅन्युअलने सांगितलं असेल तर हेडला पुन्हा टॉर्क द्या, आणि टॅपेट परत पाहा.

मग रॉकर कव्हरच्या आतल्या बाजूला टोकदार खिळ्याने चार अंक कोरा: तारीख, शिमची बेरीज, दबलेल्या गॅस्केटची जाडी, दोन्ही टोकांची फट. वही हरवते, पावसात भिजते. कव्हर इंजिनाबरोबरच राहतं, आणि पुढच्या जूनमध्ये ते उघडणारा मेस्त कदाचित दुसरा असेल.